एक गाभा, अनेक दालने
मुक्तस्रोत ग्रंथाभ्यास प्रणालीपासून घेण्याजोगा पाठ

कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला ऑइल इंजिन समजावून सांगावे लागत नाही. एकच इंजिन, त्याच्या चाकावर पट्टा चढविला की हंगामात ते गुऱ्हाळाचा चरक फिरविते, पट्टा काढून पंपाला जोडले की विहिरीचे पाणी उपसते आणि गावच्या गिरणीला जोडले की पीठ दळून देते. चरक, पंप आणि गिरणी ही तीन निरनिराळी कामे आहेत. पण त्यांच्यासाठी तीन निरनिराळी इंजिने घडविण्याचा खटाटोप कोणी करीत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील फौंड्र्यांनी आणि कारखान्यांनी या साध्या तत्त्वावर एक मोठा उद्योग उभा केला.

संगणकाच्या क्षेत्रात मात्र हे तत्त्व आपण वारंवार विसरतो. शाळेच्या संगणकावर एक ऑपरेटिंग सिस्टिम असते, वाचनालयात दुसरी आणि शिक्षकांच्या हातातील मोबाईलवर तिसरी. एखादा ग्रंथ या तिन्ही ठिकाणी वाचावयाचा, त्यातील शब्द शोधावयाचा आणि टिपणे काढावयाची म्हटले की तीन वेगवेगळ्या आज्ञावल्या, तीन वेगवेगळे पडदे आणि बहुधा तीन वेगवेगळ्या लेखन-संकेतांशी झुंज द्यावी लागते. ही अडचण जगात अनेकांना आली आहे. तिचे उत्तर शोधण्याचा एक दीर्घ आणि बोधप्रद प्रयत्न बायबलच्या अभ्यासासाठी तयार झालेल्या मुक्तस्रोत प्रणालीत झाला. ग्रंथ कोणताही असो, या प्रयत्नातील यश आणि अडचणी आपल्या शाळा, वाचनालये व ग्रामपंचायती यांना उपयोगी पडतील अशा आहेत. म्हणून त्याचा परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे.

मराठीतील पूर्वपीठिका

ग्रंथ एक आणि त्याचे दर्शनी रूप दुसरे, हा प्रश्न मराठीला नवा नाही. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीछंदात ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. पण देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळे ही मराठी ओवी रोमन लिपीत छापावी लागली. ग्रंथ मराठी, वेष रोमन अशी त्याची स्थिती तीन शतकांहून अधिक काळ राहिली. त्याची देवनागरी आवृत्ती पुण्यात शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली निघाली ती १९५६ साली. खिळ्यांच्या एका अभावामुळे एक थोर काव्यग्रंथ सामान्य मराठी वाचकाच्या दृष्टीआड किती काळ राहू शकतो, याचे हे उदाहरण होय.

पुढे बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने मराठीचे काम हाती घेतले. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचे भाषांतर प्रसिद्ध झाले. नवा करार १८११ मध्ये छापून निघाला. कोल्हापुरात १८५० साली सार्वजनिक वाचनालय सुरू झाले, तेच आजचे करवीर नगर वाचन मंदिर. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५२ साली, अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले. छापील मराठी ग्रंथ, वाचनालय आणि शाळा या तिन्ही गोष्टी या भागात अशा जवळजवळ एकाच काळात रुजल्या.

या परंपरेतील सर्वांत मोठे एकहाती कार्य पंडिता रमाबाई यांचे आहे. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून घेऊन त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. सामान्य, अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशी सोपी मराठी हे त्यांचे उद्दिष्ट होते. केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनीच खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, त्यापूर्वी हे भाषांतर पुरे झाले होते. ग्रंथरूपाने ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. ग्रंथ वाचकापर्यंत पोहोचवावयाचा तर केवळ भाषांतर पुरेसे नसते. खिळे, छपाई आणि मांडणी यांवरही आपला ताबा असावा लागतो, हे रमाबाईंनी ओळखले होते. आजच्या भाषेत ज्याला मुक्तस्रोत म्हणतात, त्याचे मर्म याहून फारसे वेगळे नाही.

अभ्यासाची साधने

बायबलचा अभ्यास म्हणजे केवळ वाचन नव्हे. दोन भाषांतरे शेजारी ठेवून पाहणे, एखादा शब्द कोठे कोठे आला आहे हे शोधणे, टीका आणि कोश उघडून अर्थ ताडून पाहणे, स्वतःचे टिपण विशिष्ट वचनाशी बांधून ठेवणे, अशी कामे त्यात येतात. या कामांसाठी छापील शब्दसूची पूर्वीपासून तयार होत आल्या आहेत. अलेक्झांडर क्रूडन यांची इंग्रजी शब्दसूची १७३७ साली आणि जेम्स स्ट्राँग यांची प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक देणारी सूची १८९० साली प्रसिद्ध झाली. अशा सूची तयार करण्यात माणसांची वर्षेच्या वर्षे खर्ची पडली. संगणक हेच काम क्षणात करतो. मात्र त्यासाठी ग्रंथ शिस्तीने साठविलेला असावा लागतो.

याच हेतूने ‘क्रॉसवायर बायबल सोसायटी’ या स्वयंसेवी संस्थेच्या छत्राखाली ‘सोर्ड’ नावाचा प्रकल्प उभा राहिला. त्याची रचना ऑइल इंजिनासारखी आहे. मध्यभागी सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेला एक गाभा आहे. ग्रंथ उघडणे, अध्याय आणि वचन शोधून देणे, शब्दांचा शोध घेणे, नवीन ग्रंथ उतरवून घेणे ही कामे हा गाभा करतो. पडद्यावर काय दिसावे, बटणे कोठे असावीत, अक्षर किती मोठे असावे यांत तो लक्ष घालीत नाही. ते काम दर्शनी भागांचे. लिनक्सवर प्रथम केडीईसाठी तयार झालेले आणि पुढे क्यूटी साधनसंचावर विंडोज व मॅकवरही चालू लागलेले ‘बायबलटाइम’, जीटीके साधनसंचावरील ‘झायफॉस’, मॅकवरील ‘एलोक्वंट’, आयफोनवरील ‘पॉकेटसोर्ड’ ही सर्व दालने याच गाभ्याला जोडलेली आहेत. जावा भाषेत ‘जे-सोर्ड’ नावाचा दुसरा गाभा लिहिला गेला. तोही तेच ग्रंथसंच वाचतो आणि अँड्रॉइडवरील ‘अँड बायबल’ त्याच्यावर चालते. यातील बहुतेक सारे जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली उपलब्ध आहे. म्हणजे कोणीही ते वापरावे, आतील रचना पाहावी, सुधारावी आणि सुधारलेली प्रत त्याच अटीवर दुसऱ्याला द्यावी.

ग्रंथाचा सातबारा

या प्रकल्पातील एक व्यवस्था आपल्या महसुली मनाला चटकन पटेल अशी आहे. प्रत्येक ग्रंथसंचाबरोबर एक लहानशी माहितीपत्रिका असते. ग्रंथाची भाषा कोणती, अक्षरे कोणत्या वर्णसंकेतात साठविली आहेत, वचनांची क्रमांकपद्धती कोणती, आवृत्ती कितवी आणि वितरणाचा परवाना कोणता, हे सर्व तीत नोंदविलेले असते. जमिनीचा सातबारा पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये, तशी ही पत्रिका वाचल्याशिवाय कोणताही दर्शनी भाग ग्रंथ उघडीत नाही. त्यामुळे नवा ग्रंथ आला तरी आज्ञावलीत फेरफार करावा लागत नाही आणि नवी आज्ञावली आली तरी ग्रंथ पुन्हा टंकावा लागत नाही.

ग्रंथाचा मजकूरही विशिष्ट खुणांनी बांधलेला असतो. येथे वचन संपले, ही तळटीप, हे शीर्षक, अशा त्या खुणा असतात. दर्शनी भागाला मजकूर देताना गाभा या खुणा निरनिराळ्या गाळण्यांमधून काढतो. कोणाला वेबपानाच्या रूपात हवा असतो, कोणाला केवळ साध्या अक्षरांत. मूळ प्रत मात्र एकच राहते.

मग सामाईक दर्शनी भाग कशासाठी?

गाभा एक असूनही दालने अनेक झाली, की नवी अडचण निर्माण होते. प्रत्येक दालनाची देखभाल करणारी मंडळी वेगळी. एका ठिकाणी शोधाची खिडकी सुधारली, तरी ती सुधारणा दुसरीकडे आपोआप जात नाही. एकात मराठी संदेश आहेत, दुसऱ्यात नाहीत. स्वयंसेवकांपैकी एखादा नोकरीनिमित्त दूर गेला, की ते दालन तसेच पडून राहते. शिक्षकाने संगणकावर शिकविलेली रीत विद्यार्थ्याला मोबाईलवर सापडत नाही. म्हणून गाभ्याप्रमाणेच दर्शनी भागही शक्य तितका सामाईक असावा, असा विचार पुढे आला. क्रॉसवायरचेच ‘बिशप’ हे दालन एकाच आखणीतून अँड्रॉइड व आयफोन या दोन्हींवर चालते. ‘एझ्रा बायबल ॲप’ हे सोर्डचा गाभा वापरणारे दालन वेबपानाच्या तंत्रावर उभारलेले असून ते विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड यांवर एकाच मूळ लेखनातून तयार होते.

असा सामाईक दर्शनी भाग उभारण्याच्या दोन प्रमुख वाटा आहेत. पहिली वाट क्यूटीसारख्या साधनसंचाची. आज्ञावली एकदा लिहावयाची आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तिची स्वतंत्र प्रत सिद्ध करावयाची. ही प्रत वेगवान असते आणि जुन्या यंत्रावरही बरी चालते. पण ती लिहिण्यास कसबी हात लागतात. दुसरी वाट वेबपानाच्या तंत्राची. ते तंत्र जाणणारे तरुण आज तालुक्याच्या गावीही भेटतात, त्यामुळे काम वाटून घेणे सोपे जाते. मात्र आज्ञावलीचा भार वाढतो आणि कमी शक्तीच्या यंत्रावर ती रेंगाळते. कोणतीही वाट धरली तरी गाभा व पडदा यांच्यामध्ये एक सेतू बांधावा लागतो, कारण गाभ्याची भाषा एक आणि पडद्याची दुसरी असते. हा सेतू अरुंद आणि स्पष्ट ठेवणे हे खरे कौशल्य आहे. ‘अमुक ग्रंथातील तमुक वचन दे’, ‘हा शब्द शोध’, ‘या वचनाचे टिपण ठेव’ अशा मोजक्याच विनंत्या त्यावरून जाव्यात. सेतूवर गर्दी झाली, की एका बाजूची दुरुस्ती दुसऱ्या बाजूस मोडतोड करते.

सामाईकपणालाही मर्यादा असावी लागते. मोठ्या पडद्यावर तीन भाषांतरे शेजारी मांडता येतात. मोबाईलवर एकच स्तंभ वाचनीय राहतो. संगणकाला कळफलक असतो, मोबाईलला बोट. म्हणून जाणत्या रचनाकारांचा दंडक असा, की शब्द, खुणा आणि कामाचा क्रम सर्वत्र सारखा ठेवावा, परंतु मांडणी पडद्याप्रमाणे बदलू द्यावी. पडद्यावरील सर्व संदेश आज्ञावलीच्या पोटात न लिहिता वेगळ्या यादीत ठेवावेत. तसे केले म्हणजे संगणकशास्त्र न शिकलेला मराठीचा शिक्षकही ती यादी मराठीत आणू शकतो.

देवनागरीची परीक्षा

कोणत्याही सामाईक प्रणालीची खरी कसोटी मराठीत लागते. प्रस्तुत लेखकाच्या माहितीतील एका कार्यालयात जुन्या वार्तापत्रांच्या संगणकीय प्रती जपून ठेवल्या होत्या. त्या एका विशिष्ट विक्रेत्याच्या फाँटमध्ये टंकलेल्या होत्या. यंत्रे बदलली, तो फाँट नव्या यंत्रांवर आला नाही आणि प्रती उघडल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची खिचडी दिसू लागली. कागदी अंक शिल्लक होते म्हणून ते पुन्हा टंकता आले. ज्या अंकांची कागदी प्रतही नव्हती, ते गेले. वर्षानुवर्षांच्या नोंदी मातीमोल होण्यास पूर किंवा वाळवी लागतेच असे नाही.

या दुखण्यावर युनिकोड हा उपाय आहे. त्यात देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग आहे. अक्षराचा क्रमांक ठरलेला असतो. फाँट हा केवळ पोशाख ठरतो. सोर्डसारख्या प्रणालींनी युनिकोड स्वीकारल्यामुळेच मराठी, ग्रीक आणि हिब्रू हे तिन्ही मजकूर एका पडद्यावर नांदू शकतात. परंतु युनिकोड स्वीकारले म्हणजे सर्व झाले, असे नाही. तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते.

पहिली गोष्ट ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ यांतील अर्ध्या र-ची. ‘गुऱ्हाळ’, ‘कऱ्हाड’, ‘शेतकऱ्यांना’ हे आपल्या रोजच्या वापरातील शब्द. हा र संगणकात एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडता येतो. साध्या र-खाली नुक्ता देऊनही तोच ‘ऱ’ सिद्ध होतो. किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालता येते. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी ते निरनिराळे असतात. परिणामी ‘गुऱ्हाळ’ हा शब्द ग्रंथात असूनही शोधात सापडत नाही. नुक्त्याचे रूप युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणाने एकरूप होते, परंतु अदृश्य जोडचिन्हाचे होत नाही. ते शोधापूर्वी मुद्दाम एकरूप करावे लागते आणि ही व्यवस्था गाभ्यात एकदाच केली तर सर्व दालनांना तिचा लाभ मिळतो.

दुसरी गोष्ट वर्णक्रमाची. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ नंतर लगेच येतो. मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. केवळ क्रमांकांच्या आधारे सूची लावली, तर ती मराठी वाचकाला विस्कळीत वाटते. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला व लिपी यांविषयी ६ नोव्हेंबर २००९ रोजी शासन निर्णय काढला. अशा निर्णयांचा उपयोग केवळ पाठ्यपुस्तकांपुरता नाही. सूची तयार करणाऱ्या आज्ञावलीलाही तेच प्रमाण लावावे लागते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिसावयाचे असतील, तर मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदविलेली असावी लागते. ही सोय असलेला फाँट त्या नोंदीवरूनच अक्षराचे रूप निवडतो.

तिसरी गोष्ट शब्दरूपांची. इंग्रजी शब्द बहुधा आहे तसाच सापडतो. मराठीत ‘पाणी’ शोधले तर ‘पाण्यात’ सापडत नाही आणि ‘मासा’ शोधला तर ‘माशांना’ निसटतो. सामान्यरूप व विभक्तिप्रत्यय ओळखणारा शोध तयार करणे हे केवळ तंत्रज्ञाचे काम नव्हे. तेथे व्याकरणाच्या शिक्षकाची गरज आहे. शिक्षकाने नामांच्या सामान्यरूपांचे गट करून दिले, तर ते तंत्रज्ञाच्या महिन्याभराच्या कामाइतके मोलाचे ठरतात.

क्रमांकांचा तंटा

ग्रंथाभ्यासात संदर्भ क्रमांकाने दिला जातो. बायबलचे आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन यांनी पाडले, असे मानले जाते. नव्या करारातील वचनांचे आजचे क्रमांक रॉबर्ट एस्तिएन यांनी १५५१ साली दिले. तरीही सर्व परंपरांत क्रमांक सारखे नाहीत. मलाखी या ग्रंथाचे हिब्रू परंपरेत तीन अध्याय आहेत, तर मराठी व इंग्रजी भाषांतरांत चार. योएलच्या ग्रंथाचे मराठीत तीन आणि हिब्रूत चार. अनेक स्तोत्रांचे शीर्षक हिब्रूत पहिले वचन धरले जाते, त्यामुळे पुढील सर्व क्रमांक सरकतात. दोन भाषांतरे शेजारी ठेवली तर एका बाजूला एक वचन आणि दुसऱ्या बाजूला भलतेच, असा घोटाळा होतो. म्हणून प्रत्येक ग्रंथाने आपली क्रमांकपद्धती माहितीपत्रिकेत जाहीर करावी आणि गाभ्याने एका पद्धतीतून दुसरीत भाषांतर करावे, अशी तजवीज सोर्डमध्ये पुढे करण्यात आली.

आपल्याकडे हा प्रश्न तुकोबांच्या गाथेबाबत जसाच्या तसा उभा राहतो. मुंबई सरकारच्या आश्रयाने शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली संपादिलेली गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ साली दोन खंडांत निघाली. तिच्यातील अभंगक्रमांक आणि इतर गाथांतील क्रमांक जुळत नाहीत. एका शिक्षकाने दिलेला संदर्भ दुसऱ्याच्या प्रतीत भलत्याच अभंगावर नेतो. उद्या कोणी गाथा, ज्ञानेश्वरी किंवा एकनाथी भागवत यांसाठी संगणकीय अभ्याससाधन उभारील, तेव्हा ‘कोणत्या आवृत्तीचा क्रमांक’ हा रकाना त्याने पहिल्या दिवशीच ठेवला पाहिजे. मागाहून तो भरणे म्हणजे विहीर बांधून झाल्यावर पाया खणण्यासारखे होय.

परवाना आणि हक्क

आज्ञावली मुक्त असली, तरी तिच्यात वाचावयाचा ग्रंथ मुक्त असतोच असे नाही. हे दोन हक्क स्वतंत्र आहेत आणि येथे अनेक संस्थांची गल्लत होते. भारतात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे लेखनहक्क राहतो. १९९२ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रमाबाईंचे भाषांतर ही मुदत केव्हाच ओलांडून गेले आहे. आधुनिक भाषांतरांचे हक्क मात्र त्या त्या संस्थांकडे असतात आणि त्यांच्या संमतीवाचून ते ग्रंथसंचात घालता येत नाहीत. काही ठिकाणी हक्कधारकांनीच दार उघडले आहे. २०१९ चे ‘इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन’ हे मराठी बायबल, श्रेय देऊन व त्याच अटींवर, कोणालाही वाटता येईल अशा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली उपलब्ध आहे. जुना ग्रंथ असला तरी नव्या संपादकाच्या प्रस्तावना आणि टीपा यांचे हक्क वेगळे असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या शाळा व पंचायतींसाठी

हा सर्व तपशील एका धर्मग्रंथापुरता वाटेल. पण त्यातील शिस्त सर्वव्यापी आहे. तोच दंडक गावच्या इतिहासाच्या हस्तलिखिताला, शाळेच्या भित्तिपत्रिकांच्या संग्रहाला आणि ग्रामसभेच्या ठरावांच्या वहीलाही लागू पडतो. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड यांसारख्या डोंगरी तालुक्यांत आणखी एक गुण मोलाचा ठरतो. सोर्डचे ग्रंथसंच एकदा उतरवून घेतले की यंत्रातच राहतात. मोबाईलची रेंज नसली तरी वाचन, शोध आणि टिपणे चालू राहतात. पावसाळ्यात जेथे दिवसच्या दिवस संपर्क तुटतो, तेथे ही चैन नसून गरज आहे.

म्हणून कोणतीही माहितीप्रणाली घेताना किंवा करवून घेताना पंचायत सदस्यांनी आणि मुख्याध्यापकांनी पाच प्रश्न विचारावेत. मजकूर युनिकोडमध्ये साठविला जातो काय? विक्रेता बदलला तर आपला सर्व मजकूर साध्या, खुल्या स्वरूपात परत मिळेल काय? तीच प्रणाली शाळेच्या संगणकावर आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या मोबाईलवर सारख्याच शब्दांत चालेल काय? संपर्क नसताना काम होईल काय? पडद्यावरील मराठी आपल्याला दुरुस्त करता येईल काय? पाचांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असे आले, तर करारावर सही करण्यापूर्वी कारण विचारावे आणि ते लेखी घ्यावे.

शिक्षकांना आरंभ करावयाचा असेल तर तो लहान असावा. हक्कमुक्त असा एखादा मराठी ग्रंथ किंवा गावातील जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह घ्यावा. तो युनिकोडमध्ये इन्स्क्रिप्ट कळफलकावर टंकावा. प्रत्येक ओवीला कायमचा क्रमांक द्यावा. कोणाकडून ऐकली, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, कोणाच्या संमतीने, ही माहितीपत्रिका सोबत जोडावी. ‘गुऱ्हाळ’ आणि ‘शेतकऱ्यांना’ हे दोन शब्द शोधून पाहावेत. ते सापडले नाहीत तर अर्ध्या र-चे लेखन तपासावे. नंतर ती प्रत विंडोज, लिनक्स आणि मोबाईल या तिन्हींवर उघडून पाहावी. तिन्ही ठिकाणी ती सारखी वाचता आली, तर मुलांनी केलेले काम टिकण्याची शक्यता निर्माण झाली, असे समजावे. दर्शनी भाग पुढे कोणीतरी अधिक देखणा करील. त्याची घाई नाही.

जात्यावरची ओवी ज्या आजीच्या तोंडून मिळते, ती पुन्हा सांगावयास कायम राहणार नाही. तिची ओवी आज चुकीच्या साच्यात अडकवून ठेवली, तर दहा वर्षांनी पडद्यावर चिन्हांची खिचडी उरेल आणि विचारावयास कोणी नसेल. क्रिस्तपुराणाच्या ओवीला देवनागरी वेष मिळण्यास ३४० वर्षे लागली, तरी रोमन अक्षरांत का होईना, तो मजकूर शाबूत होता म्हणून ते शक्य झाले. यंत्रे बदलतील, पडदे बदलतील, आज वापरात असलेली दालनेही एके दिवशी बंद होतील. मूळ मजकूर शाबूत आणि मोकळा राहिला, तर नवे दालन बांधणारा कोणीतरी पुढे येतोच. तो शाबूत ठेवणे हे तंत्रज्ञाइतकेच शाळेचे, वाचनालयाचे आणि पंचायतीचे काम आहे.